जागतिक बाजारपेठ आणि पाण्याचा ताळेबंद

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपल्या देशाने आर्थिक उदारीकरणाचा मार्ग स्वीकारला आणि ‘जागतिकीकरण’ हा शब्द अर्थतज्ज्ञांच्या परिभाषेतून निघून सर्वसामान्यांच्या बोलण्यात रुळला. १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे गॅटच्या उरुग्वे फेरीच्या अंतिम करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. या करारामुळे शेतीचे अनुदान, आयातशुल्क आणि निर्यात हे विषय प्रथमच आंतरराष्ट्रीय नियमांच्या चौकटीत आले. शेतकऱ्याचा माल आता तालुक्याच्या बाजार समितीपुरता मर्यादित राहणार नव्हता. त्याचा भाव ठरवण्यात लंडन, रॉटरडॅम आणि न्यूयॉर्क यांचाही वाटा असणार होता.

त्या काळातील वाद अनेक वाचकांना आठवत असतील. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाचे उघड समर्थन केले. शेतकऱ्याला खुल्या बाजारात उतरू द्या, त्याच्या पायातील सरकारी बेड्या काढा, अशी त्यांची भूमिका होती. शेजारच्या कर्नाटकात प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाने नेमका उलटा पवित्रा घेतला. डिसेंबर १९९२ मध्ये संघाच्या कार्यकर्त्यांनी बंगळूर येथील कारगिल या बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीच्या कार्यालयात शिरून कागदपत्रे बाहेर फेकली आणि जाळली. दोघेही शेतकऱ्यांचे नेते, दोघेही अभ्यासू आणि दोघांचीही तळमळ खरी. नंजुंडस्वामी २००४ मध्ये निवर्तले, शरद जोशी २०१५ मध्ये. त्या वादाच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने दोन गोष्टी होत्या : मालाचा भाव आणि बियाण्यावरील हक्क. तीन दशकांनंतर मागे वळून पाहताना असे वाटते, की त्या दोन्हींइतकीच महत्त्वाची तिसरी गोष्ट वादाच्या कडेला राहिली. ती म्हणजे पाणी.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. शेतमालाच्या जागतिक व्यापाराने पर्यावरणाचे भले केले की बुरे, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. मात्र या व्यापारात मालाची परीक्षा जितक्या काटेकोरपणे होते, तितकी तो माल पिकवणाऱ्या विहिरीची होत नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते. आणि ती परीक्षा कोणी घ्यायची, याचा विचार करताना आपल्याला बँकेच्या दारापर्यंत यावे लागते.

दुकानाच्या फळीवरचे जग

बंगळूरच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेली वसाहत. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. येथील कोणत्याही मोठ्या दुकानात डोकावले तर नाशिकची द्राक्षे, वॉशिंग्टनची सफरचंदे, न्यूझीलंडची किवी आणि मलेशिया-इंडोनेशियाहून आलेल्या पामतेलाच्या पिशव्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. जागतिकीकरणाने ग्राहकाला दिलेली ही निवड आपण सर्वांनी आनंदाने स्वीकारली आहे.

उलट दिशेने जाणारा माल मात्र आपल्याला सहसा दिसत नाही. बंगळूरच्या आसपासच्या जिल्ह्यांत ‘घर्किन’ नावाची लहान काकडी पिकते. स्थानिक स्वयंपाकात तिला फारसे स्थान नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी कर्नाटकात तिची लागवड सुरू झाली ती केवळ निर्यातीसाठी. कंपनी बियाणे व खते देते, शेतकरी पिकवतो, कंपनी ठरलेल्या भावाने विकत घेते. आणि मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात मुरवलेली ही काकडी पिंपांत भरून युरोप-अमेरिकेकडे रवाना होते. २०२०-२१ या वर्षी भारताने २ लाख २३ हजार टनांहून अधिक काकडी व घर्किन निर्यात केली. सुमारे ९० हजार लहान व सीमांत शेतकरी करार पद्धतीने हे पीक घेतात, असे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने २०२२ मध्ये नमूद केले होते. नव्वद दिवसांत हाती पैसा देणारे हे पीक अनेक कुटुंबांना आधार ठरले आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

याच टापूत ‘बंगळूर रोझ’ हा गडद लाल, लहान आकाराचा कांदा पिकतो. बंगळूर ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार हे त्याचे जिल्हे. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा ग्राहक प्रामुख्याने मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया या देशांत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, तेव्हा देशात फारशी मागणी नसलेल्या या कांद्याला पुढच्याच महिन्यात सवलत द्यावी लागली. नाशिकच्या कांदा उत्पादकाला ती मिळाली नाही, ही खंत तेव्हा लासलगावपर्यंत व्यक्त झाली.

प्रश्न असा, की ही काकडी आणि हा कांदा समुद्रापार जातो तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी काय जाते?

आभासी पाणी

ब्रिटिश अभ्यासक टोनी ॲलन यांनी १९९० च्या दशकात ‘आभासी पाणी’ ही संकल्पना मांडली आणि तिच्यासाठी २००८ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. एखादा देश धान्य आयात करतो तेव्हा ते धान्य पिकवण्यासाठी लागलेले पाणीही तो अप्रत्यक्षपणे आयात करत असतो, असा तिचा आशय. पाण्याची टंचाई असलेले मध्यपूर्वेतील देश पाण्यावरून युद्धे का करत नाहीत, याचे उत्तर ॲलन यांना गव्हाच्या जहाजांत सापडले. पुढे नेदरलँड्सचे आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये ‘जल-पदचिन्ह’ ही मोजणीची पद्धत रूढ केली. तिच्यानुसार जागतिक सरासरीने एक किलो टोमॅटोमागे सुमारे २०० लिटर, उसापासून बनलेल्या एक किलो साखरेमागे सुमारे १,८०० लिटर आणि एक किलो तांदळामागे सुमारे २,५०० लिटर पाणी खर्ची पडते.

हे आकडे स्वयंपाकघराच्या मापाने मोठे वाटतात. देशाच्या मापाने ते किती मोठे होतात, हे पाहण्यासाठी एक तुलना करू या. कावेरीच्या पाण्यावरून कर्नाटक आणि तामिळनाडू यांच्यात दीर्घकाळ न्यायालयीन लढाई चालली. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाचा वाटा १४.७५ टीएमसीने वाढवला. त्यापैकी ४.७५ टीएमसी पाणी बंगळूर शहराच्या पिण्यासाठी होते आणि या निकालाचे शहरात मोठे स्वागत झाले. जागतिक सरासरीचा हिशेब लावला तर ४.७५ टीएमसी पाण्यात सुमारे ७५ हजार टन साखर तयार होते. आणि २०२१-२२ च्या साखर हंगामात भारताने सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली. ज्या थेंबांसाठी दोन राज्ये अनेक वर्षे भांडली, त्याच्या जवळजवळ दीडशेपट पाणी साखरेच्या रूपाने एका हंगामात देशाबाहेर गेले. कोणत्याही न्यायालयात त्यावर वाद झाला नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या हिशेबात पावसाचे पाणीही धरलेले असते आणि जागतिक सरासरी प्रत्येक शेताला जशीच्या तशी लागू होत नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरून पिकाला मिळाले तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न आहे तो धरणातून सोडलेल्या आणि जमिनीच्या पोटातून उपसलेल्या पाण्याचा. महाराष्ट्रात तो ठळकपणे दिसतो. राज्याच्या एकूण पीकक्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा जवळजवळ ७० टक्के हिस्सा घेतो, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात म्हटले होते. सोलापूर आणि मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या भागात साखर कारखाने उभे राहिले आणि २०१६ च्या उन्हाळ्यात त्याच मराठवाड्यातील लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पाठवावे लागले, हे वास्तव विसरण्याजोगे नाही.

परीक्षा फळाची

जागतिक व्यापाराने पर्यावरणाची केवळ हानीच केली, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येणार नाही. नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षांचा इतिहास वेगळी बाजू दाखवतो.

१९९१ मध्ये महाग्रेप्स ही उत्पादकांची संस्था स्थापन झाली आणि महाराष्ट्राची द्राक्षे संघटितपणे युरोपात जाऊ लागली. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अवशेषांवरून युरोपात तक्रारी आल्या. त्यानंतर अपेडा आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी अवशेष-नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि २००६ पासून ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदणी सुरू झाली. निर्यातक्षम बागेची नोंद, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा दाखला, आणि परदेशातील पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढण्याची सोय, अशी ही व्यवस्था. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचे अवशेष सापडल्याने अनेक कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांना मोठा फटका बसला. त्यातून व्यवस्था अधिक कडक झाली. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षे निर्यात झाली, यामागे त्या कटू अनुभवांतून आलेली शिस्त आहे. नाशिकचा बागाईतदार आज कोणते औषध तोडणीच्या किती दिवस आधी थांबवायचे, हे तोंडपाठ सांगतो. ही जागरूकता परदेशी ग्राहकाच्या आग्रहामुळे आली, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

परंतु या व्यवस्थेची मर्यादाही येथेच दिसते. युरोपातील खरेदीदार द्राक्षाच्या मण्यातील रसायन दशलक्षांशाच्या हिशेबात मोजतो, कारण तो मणी त्याच्या मुलाच्या तोंडात जाणार असतो. ज्या विंधन विहिरीवर ती बाग उभी आहे तिची पातळी गेल्या पाच वर्षांत किती खाली गेली, याच्याशी त्याच्या मुलाचा काही संबंध नसतो. अलीकडे काही खासगी प्रमाणपत्रांत पाणीवापराची कलमे आली आहेत. परंतु माल नाकारण्याची वेळ येते ती अवशेषांवरून. ग्राहकाने स्वतःच्या आरोग्याची काळजी घेतली, यात त्याचा दोष नाही. आपल्या भूजलाची काळजी त्याने घ्यावी, अशी अपेक्षा धरण्यात आपला दोष आहे.

कोलार जिल्ह्याचे उदाहरण घ्या. या जिल्ह्यात बारमाही नदी नाही. पूर्वजांनी येथे हजारो तलाव बांधले आणि त्यांच्या आधाराने भात, नाचणी आणि डाळी पिकवल्या. पुढे विंधन विहिरी आल्या, वीजपंप आले आणि टोमॅटो, भाजीपाला, तुतीची लागवड वाढली. आज केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गीकरणात हा जिल्हा अतिशोषित म्हणून गणला जातो. हजार फुटांहून खोल गेलेल्या विंधन विहिरी येथे नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. याला केवळ निर्यात जबाबदार नाही. कोलारचा टोमॅटो आणि भाजी जे. पी. नगरमधील स्वयंपाकघरांतही येते. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर शहर हेही खेड्यासाठी एक परदेशच असते.

त्या परदेशालाही आता झळ लागली आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरमधील सुमारे १३,९०० सरकारी विंधन विहिरींपैकी ६,९०० आटल्याचे राज्य सरकारने सांगितले. जे. पी. नगर परिसरातील सारक्की आणि पुट्टेनहळ्ळी हे तलाव एकेकाळी गावांचे होते. वस्ती वाढली, शेती गेली आणि तलाव आक्रसले. त्यांपैकी पुट्टेनहळ्ळीच्या तलावाची निगा राखण्यासाठी २०१० मध्ये रहिवाशांनी न्यास स्थापन केला व पुढे महापालिकेशी करार करून तलावाला पुन्हा जीवदान दिले. २०१८ पासून बंगळूरच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोलारच्या तलावांत सोडले जात आहे. त्यावर आणखी एका टप्प्याची शुद्धी व्हावी, ही तेथील जागरूक नागरिकांची मागणी रास्त आहे. तथापि शहराने खेड्याकडून घेतलेले पाणी काही अंशी परत करण्याची ही कल्पना मुळात स्वागतार्ह आहे.

कॉफीच्या सावलीत

जे. पी. नगरच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून आणले जाते. ही कावेरी कोडगू जिल्ह्यातील तळकावेरी येथे उगम पावते आणि कोडगू हा कॉफीचा जिल्हा आहे. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि तिचा मोठा भाग निर्यात होतो. येथील कॉफी परंपरेने उंच वृक्षांच्या सावलीत वाढते. ती झाडे पावसाचे पाणी अडवतात, माती धरून ठेवतात आणि ओढे वाहते ठेवतात. म्हणजे इटली-जर्मनीत प्यायल्या जाणाऱ्या कॉफीच्या भावाचा बंगळूरच्या नळाशी संबंध आहे.

हा संबंध या शतकाच्या आरंभी दिसून आला. आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत १९८९ मध्ये कोसळली होती, भारतातही कॉफी मंडळामार्फत सक्तीने विक्री करण्याची पद्धत १९९० च्या दशकात संपली आणि २००१-०२ च्या सुमारास जागतिक भाव रसातळाला गेले. उत्पन्न घटले की मळेवाल्याची नजर सावलीच्या झाडांकडे वळणे स्वाभाविक असते. जुन्या देशी वृक्षांच्या जागी लवकर वाढणारा, लाकूड म्हणून विकता येणारा सिल्व्हर ओक अनेक मळ्यांत वाढला. जंगलावर थेट कुऱ्हाड न पडताही जंगल विरळ होऊ शकते, ते असे.

आता वारा उलट दिशेने वाहू लागला आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडविरोधी नियम संमत केला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून तयार केलेल्या जमिनीवरील कॉफी, रबर, पामतेल आदी माल युरोपात विकता येणार नाही, असे त्याचे स्वरूप आहे. त्याच्या अंमलबजावणीची मुदत दोनदा पुढे ढकलली गेली आहे. लहान मळेवाल्याने प्रत्येक तुकड्याचे भौगोलिक स्थान नोंदवायचे, त्याचा खर्च कोणी सोसायचा, श्रीमंत देशांनी शतकानुशतके स्वतःची जंगले तोडून आता इतरांना धडे द्यावेत का, हे सर्व प्रश्न योग्य आहेत. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे : बाजार येथे प्रथमच मालाच्या पलीकडे जाऊन ज्या जमिनीत तो पिकला तिच्याकडे पाहू लागला आहे. जमिनीकडे पाहता येते, तर विहिरीकडे का पाहता येऊ नये?

भाव आहे, मोल नाही

विहिरीकडे कोणी पाहत नाही, कारण तिच्या पाण्याला भाव नाही. कर्नाटकात शेतीपंपाला दीर्घकाळ मोफत वीज मिळत आहे. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना ती दिली. भारतात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे ८७ टक्के शेतीसाठी वापरले जाते. बियाणे, खत, मजुरी, वाहतूक, व्याज या सर्वांची नोंद शेतमालाच्या किमतीत होते. पाणी तेवढे फुकट धरले जाते. अशा स्थितीत सर्वाधिक पाणी पिणारे पीक कागदावर सर्वाधिक किफायतशीर ठरले, तर त्यात शेतकऱ्याचा काय अपराध? तो समोरच्या आकड्यांप्रमाणे वागतो. कोणताही सुजाण व्यावसायिक तसेच वागेल.

सरकारचे धोरणही याला छेद देत नाही. साखर, तांदूळ, कांदा यांच्या निर्यातीवर वेळोवेळी निर्बंध आले. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर बंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली. या प्रत्येक वेळी कारण होते देशांतर्गत उपलब्धता आणि महागाई. पाण्याची पातळी खालावली म्हणून निर्यातीचे धोरण बदलले, असे घडत नाही. निर्यात अचानक थांबवल्याने शेतकरी भरडला जातो आणि परदेशी ग्राहक कायमचा दुरावतो. पाणी मात्र वाचत नाही, कारण पीक आधीच उभे असते. म्हणून निर्यातबंदी हा पर्यावरणरक्षणाचा मार्ग आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. निर्णय पेरणीआधी व्हायला हवा.

बँकेच्या टेबलावर

पेरणीआधी शेतकरी ज्या मोजक्या ठिकाणी जातो, त्यांत बँक आहे. त्यामुळे या विषयाचा बँकेशी संबंध केवळ सौजन्याचा नाही.

पीककर्जाची हेक्टरी मर्यादा जिल्हास्तरावर पीकनिहाय ठरते. ज्या पिकाचा लागवडखर्च अधिक त्याचा कर्जदर अधिक, हे तर्कशुद्ध आहे. उसाच्या बाबतीत कारखान्यामार्फत वसुलीची खात्रीही असते. शाखाधिकाऱ्याच्या दृष्टीने असे कर्ज सुरक्षित. नाचणी, ज्वारी, तूर यांसारख्या कोरडवाहू पिकाचे कर्ज लहान आणि त्या मानाने जोखमीचे. अशा रीतीने कोणीही ठरवून न करता पतपुरवठ्याचा प्रवाह पाण्याच्या प्रवाहाप्रमाणेच अधिक पाणी लागणाऱ्या पिकाकडे वळतो. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्या उत्साहाचे प्रतिबिंब पीककर्जाच्या तक्त्यात किती पडले, याचा विचार करायला हवा.

अतिशोषित भूजलक्षेत्रात नव्या विहिरींना पुनर्वित्त न देण्याचे नाबार्डचे धोरण जुने आहे. ते योग्य आहे, पण पुरेसे नाही. नवी विहीर नाकारली तरी जुन्या विहिरीवर नवी बाग उभी राहतेच. म्हणून प्रत्येक मध्यम व दीर्घ मुदतीच्या शेतीकर्जाच्या छाननीत तीन साध्या प्रश्नांची भर पडावी, असे सुचवावेसे वाटते. पहिला, या पिकाला हंगामात किती पाणी लागेल? दुसरा, ते कोठून येईल आणि त्या स्रोताची गेल्या पाच वर्षांतील स्थिती काय? तिसरा, कर्जाची मुदत संपेपर्यंत तो स्रोत टिकेल का? सात वर्षांच्या मुदतीचे बागेचे कर्ज आणि चार वर्षांत आटणारी विंधन विहीर यांचा मेळ बसत नाही. पर्यावरणाचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी निव्वळ वसुलीच्या दृष्टीने हे प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. आटलेली विहीर म्हणजे उद्याचे थकीत कर्ज.

यात शेतकऱ्याला नाकारण्याचा हेतू नसावा. ज्याचा पाण्याचा हिशेब जुळतो, जो ठिबक बसवतो, शेततळे खणतो, कमी पाण्याच्या पिकाकडे वळतो, त्याला व्याजात किंवा मर्यादेत काही अधिक मिळावे. असे झाले तर बँकेचा प्रश्न त्याला अडसर वाटणार नाही. ठिबकाबाबतही सावध राहायला हवे. वाचलेल्या पाण्यावर उसाचे आणखी एक एकर वाढले, तर विहिरीच्या दृष्टीने काहीच वाचले नाही.

ग्राहकांच्या हातीही एक साधन आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये ‘हरित ठेवीं’ची चौकट जाहीर केली. अशा ठेवीतून आलेला पैसा ठरावीक पर्यावरणपूरक कामांसाठीच वापरायचा असतो आणि पाण्याची बचत करणारी सिंचनव्यवस्था त्या कामांत मोडते. जे. पी. नगरमधील निवृत्त ठेवीदाराचा पैसा कोलार किंवा निफाडच्या शेतातील पाणी वाचवण्यासाठी जाऊ शकतो, ही कल्पना लहान नाही. आपल्या बँकेत अशी ठेव आहे का आणि तिचा विनियोग कोठे होतो, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक ठेवीदाराला आहे.

ताळेबंद मांडणारे गाव

हे सर्व पुस्तकी वाटत असेल तर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारकडे पाहावे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या अवर्षणग्रस्त गावाने मृदसंधारण व जलसंधारणाची कामे केली. पण ती इतर अनेक गावांनीही केली होती. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती ठेवायचे आणि उरलेल्यात कोणती पिके घ्यायची, याचा ताळेबंद हे गाव ग्रामसभेत मांडते. शेतीसाठी विंधन विहीर नाही आणि उसासारखे पीक नाही, हे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. या गावाने बाजाराकडे पाठ फिरवलेली नाही. कांदा, भाजीपाला, दूध तेथूनही बाजारात जाते. फरक इतकाच, की बाजाराला काय विकायचे हे ठरवण्याआधी ते आपल्या विहिरीत डोकावते.

जागतिक व्यापार थांबणार नाही आणि थांबूही नये. त्याने आपल्या शेतकऱ्याला नवे ग्राहक दिले, शिस्त दिली, काही घरांत समृद्धी आणली. परंतु ज्या व्यापाऱ्याला आपल्या भांडवलाची मोजदाद ठाऊक नाही, त्याची भरभराट फार काळ टिकत नाही, हे बँकेच्या व्यवहारात वावरणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. आपले भूजल हे पूर्वजांनी मागे ठेवलेली मुदतठेव आहे. पावसाळ्यागणिक तिच्यावर जे व्याज जमा होते, तेवढ्यावर शेती, शहर आणि निर्यात या तिघांचा संसार चालवायचा आहे. मुद्दलाला हात लावून मिळवलेल्या परकीय चलनाला उत्पन्न म्हणायचे की ठेव मोडल्याची रक्कम, हे आपण ठरवायला हवे. पुढच्या हंगामाचे कर्जप्रस्ताव टेबलावर येतील तेव्हा त्या प्रश्नाला सुरुवात करण्याची संधी प्रत्येक शाखेला मिळणार आहे.